डावं मागचं चाक: एका किट कारच्या सस्पेन्शनचं आणि ब्रेकचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझी किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडलेली गाडी, एमओटी या रस्तायोग्यतेच्या तपासणीत नापास झाली. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ही तपासणी करून घ्यावी लागते. कागदावर कारण एका ओळीचं होतं: मागच्या ब्रेकांचा डावा-उजवा तोल बिघडलेला. ते मी एका शनिवारी दुरुस्त केलं आणि गाडी पास झाली. पण पास झालेली गाडी नापास गाडीपेक्षा जास्त धोक्याची निघाली. खरा दोष सापडायला त्यानंतर तीन आठवडे गेले. अशी गाडी बाळगणाऱ्यांना, किंवा जुन्या गाडीच्या मागच्या चाकांचं काम स्वतः करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं प्रकरण आकड्यांसकट लिहितो आहे.

गाडी

किट कार हा प्रकार आपल्याकडे फारसा दिसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मोठे बदल करायलाही सहजासहजी परवानगी देत नाही, मग घरी बांधलेली गाडी तर दूरच. ब्रिटनमध्ये मात्र याला जुनी परंपरा आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' ही छोटी, उघडी, दोन माणसांची गाडी आणली. तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर लागत नसे, म्हणून ती सुट्या भागांतही विकली जायची आणि लोक ती घरी जोडायचे. १९७३ मध्ये व्हॅट आला, ही सवलत गेली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. पण गॅरेजमध्ये गाडी बांधायची लोकांची हौस टिकली आणि त्याच धाटणीच्या गाड्यांचे किट विकणारे कितीतरी लहानमोठे कारखाने नंतर निघाले.

माझी गाडी त्यातल्याच एका लहान कारखान्याची. चौकोनी पाइपांची चासी, वर फायबर आणि ॲल्युमिनियमची बॉडी, १३ इंची चाकं. पहिल्या मालकाने १९९९ मध्ये ती स्वतः बांधली आणि त्या वेळची एसव्हीए ही मंजुरी-तपासणी पास करून रस्त्यावर आणली. मी ती २०१९ मध्ये घेतली. तेव्हा कॉव्हेंट्रीला येऊन मला चार वर्षं झाली होती. गाडीबरोबर एक जाडजूड फाइल मिळाली: बिलं, पत्रव्यवहार आणि बांधणीचे फोटो. ही फाइल या प्रकरणात महत्त्वाची आहे.

मागचे हब, ड्राइव्हशाफ्ट, डिफरन्शियल आणि ब्रेक कॅलिपर फोर्ड सिएराचे. सिएरा १९८२ ते १९९३ या काळात बनली आणि तिचे भाग पुढे असंख्य किट कारमध्ये गेले. पण सिएराचं मूळ मागचं सस्पेन्शन इथे नाही. त्याऐवजी वर एक आणि खाली एक असे विशबोन, म्हणजे चाकाला चासीशी जोडणारे त्रिकोणी दांडे, आहेत, मध्ये स्प्रिंगसकट शॉकअप. खालचा विशबोन रुंद बैठकीचा आहे. तो आतल्या बाजूला दोन ठिकाणी चासीवरच्या पोलादी पट्ट्यांना (टॅबना) बोल्टने धरलेला असतो आणि मागचं चाक सरळ राहणं सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून असतं.

सिएराचं वजन हजार किलोच्या वर, ही गाडी जेमतेम ६०० किलोची. म्हणजे मागचे ब्रेक या गाडीला गरजेपेक्षा बरेच मोठे आहेत. ऐकायला ही चांगली गोष्ट वाटते, पण ब्रेकला काम मिळालं नाही की तो बिघडतो. डिस्क पुरेशी तापत नाही, तिच्यावरचा गंज घासून निघत नाही, पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात. त्यात अशी गाडी वर्षाला दोन हजार मैलही चालत नाही. ब्रेक वापराने झिजण्याआधी उभ्या उभ्याच जाम होतो.

रोलरवरचे आकडे

एमओटीत गाडीची चाकं रोलरवर ठेवून ब्रेकचा जोर मोजतात. माझ्या मागच्या डाव्या चाकाचा जोर आला ५८ किलो आणि उजव्याचा १०१. फरक ४३ टक्के. एका ॲक्सलवरच्या दोन चाकांत ३० टक्के किंवा त्याहून जास्त फरक असला की गाडी नापास. हँडब्रेकचे आकडे होते डावीकडे ३० आणि उजवीकडे ७२, म्हणजे बेरीज १०२. गाडीच्या वजनाच्या मानाने हे १७ टक्के होतात आणि दुहेरी सर्किटच्या, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दोन स्वतंत्र वाटा असलेल्या गाडीला किमान १६ लागतात. काठावर पास. हा आकडा मला जास्त बोचला, कारण घरासमोरचा उतार चांगलाच तीव्र आहे.

चालवतानाचं लक्षणही याला धरून होतं. ब्रेक दाबला की गाडी थोडी उजवीकडे ओढायची. डावा मागचा ब्रेक कमजोर असेल तर उजवा जास्त धरणार आणि गाडीचं नाक उजवीकडे वळणार, हे सरळ आहे. आणखी एक लक्षण होतं, त्याकडे मी वर्षभर दुर्लक्ष केलं होतं: दुसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर जोरात देऊन सोडला की मागून एक 'टक्' यायचा. जुन्या डिफरन्शियलच्या दातांतला खेळ असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ही माझी पहिली चूक.

कॅलिपर

गाडी मागून उचलून चासीच्या जाड पाइपांखाली दोन स्टँड लावले, पुढच्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली मी कधीच जात नाही, आणि हलकी गाडी आहे म्हणून कुणी जाऊही नये. सहाशे किलोही माणसाला पुरेसे असतात.

डावा कॅलिपर सोडवल्याबरोबर कारण दिसलं. या प्रकारात पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि मग सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दाबतो. माझी खालची पिन जाम होती. इतकी, की रिंग पान्याने फिरवताना ती करकरली. आतला पॅड झिजून ३ मिलिमीटर उरला होता, बाहेरचा जवळजवळ नवा आणि गुळगुळीत. इंग्लंडमध्ये गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून कडेचं पाणी आणि हिवाळ्यात टाकलेलं मीठ डाव्या चाकांच्याच वाट्याला जास्त येतं. डावी पिन आधी जाण्यात नवल नव्हतं.

दुसरी गोष्ट हँडब्रेकच्या केबलची. या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा आतच असते आणि पॅड झिजले की अंतर आपोआप भरून काढणारी रचनाही तिथेच असते. मात्र त्यासाठी हँडब्रेक सोडल्यावर कॅलिपरवरचा छोटा दांडा पूर्ण मागे, आपल्या थांब्यावर टेकायला हवा. कुणीतरी, बहुधा आधीच्या एखाद्या एमओटीच्या वेळी, हँडब्रेक सुधारावा म्हणून केबल ताणून ठेवली होती. डावा दांडा थांब्यापासून ४ मिलिमीटर दूरच राहत होता. त्यामुळे आपोआप जुळवणी बंद, पॅडमधलं अंतर वाढत गेलेलं, मग हँडब्रेक आणखी कमजोर, मग केबल आणखी ताणलेली. हे दुष्टचक्र मी इतरांच्या गाड्यांतही पाहिलं आहे. हँडब्रेक लागत नसेल तर केबलला सगळ्यात शेवटी हात लावावा. आधी केबल पूर्ण सैल करायची, दोन्ही दांडे थांब्यावर टेकले आहेत हे डोळ्यांनी बघायचं, पेडल आणि दांडे पुन्हा पुन्हा चालवून कॅलिपरला अंतर जुळवू द्यायचं आणि मगच केबलचा ढिलेपणा काढायचा.

बाकीचं काम नेहमीचं. नव्या पिना, नवे रबरी बूट, त्यांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस. साधं खनिज तेलाचं ग्रीस लावलं तर बूट फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. दोन्ही बाजूंना नवे पॅड. पिस्टन मागे नेताना तो दाबायचा नाही, अवजाराने फिरवत आत न्यायचा, कारण आत हँडब्रेकचा स्क्रू असतो. शिकंजा लावून दाबला तर ती यंत्रणा मोडते. ब्रेक ऑइल चहासारखं झालं होतं. डॉट ४ ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते, म्हणून ते सगळं बदलून एअर काढली.

पुन्हा रोलरवर गेलो. डावा ९६, उजवा १०१. फरक ५ टक्के. हँडब्रेकही उत्तम. पास.

पास झाल्यावर

घरी येताना एका चौकाच्या अलीकडे, ताशी ४० मैलांवरून, मी जरा जोरात ब्रेक दाबला आणि गाडीने उजवीकडे झटका दिला. आधी ती ओढायची ती हळूहळू. हे वेगळंच होतं: क्षणभर काही नाही आणि मग मागचं टोक डावीकडे सरकल्यासारखं, नाक समोरच्या गाड्यांच्या दिशेने. तोच प्रकार पुन्हा तपासायला रिकाम्या रस्त्यावर तीनदा ब्रेक दाबला. तिन्ही वेळा तेच.

इथे मी दोन आठवडे वाया घालवले. ब्रेक दुरुस्त केले आणि ब्रेक मारताना बिघाड वाढला, म्हणजे चूक ब्रेकच्या कामातच असणार, असं मी धरून चाललो. गाडी उजवीकडे जाते म्हणजे डावा ब्रेक अजून कमी पडतो आहे. कदाचित डावीकडचा रबरी होज आतून सुजला असेल. होज बदलला, फरक नाही. पॅड डावे-उजवे अदलाबदल केले, फरक नाही. पुन्हा एअर काढली, एक बुडबुडा आला नाही.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. दहा मिनिटं गाडी चालवून, दहा वेळा ब्रेक मारून थांबलो आणि लगेच तापमापकाने दोन्ही मागच्या डिस्क बघितल्या. डावी ८४ अंश, उजवी ८१. डावा ब्रेक कमी काम करत असता तर ती डिस्क गार असती. दोन्ही ब्रेक सारखे काम करत होते. दोष ब्रेकमध्ये नव्हताच.

दोरी आणि पट्टी

मग उरलं चाक. ब्रेक मारताना डावं मागचं चाक दिशा बदलत असेल, तर गाडी हेच करेल. चाकाची पुढची कड बाहेर वळली की ते चाक गाडीचं मागचं टोक डावीकडे नेणार आणि नाक उजवीकडे जाणार.

पण चाक हाताने हलवून मी आधीच बघितलं होतं. वरून-खालून धरून, पुढून-मागून धरून. बेअरिंग घट्ट, विशबोनच्या सांध्यांतली बुशं घट्ट, काही हलत नव्हतं. एमओटीच्या तपासनिसालाही काही सापडलं नव्हतं. त्याला काही खोलून बघण्याची मुभा नसते आणि बाहेरून नट-बोल्ट जागच्या जागी दिसत होते.

शेजारी एक निवृत्त टूलमेकर राहतात, वय ऐंशीच्या घरात. त्यांना सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: चाकावर ब्रेकचा जोर कुठून येतो, जमिनीवरून ना? मग जमिनीवरूनच जोर देऊन बघ. गाडी स्टँडवरून उतरव.

रविवारी सकाळी गाडी सपाट फरशीवर उतरवली. गाडीच्या दोन्ही बाजूंना, मधल्या रेषेला समांतर, चाकाच्या मध्याच्या उंचीवर मासेमारीची बारीक दोरी ताणली. चाकाच्या रिमच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पोलादी पट्टीने मोजलं. दोन्ही मागची चाकं आत वळलेली, साधारण १० मिनिटं (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). ठीक. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो, म्हणून तो ओढला आणि बायकोने आणि शेजारच्या आजोबांनी गाडी मागून पुढे ढकलली. मुलगी डाव्या चाकाजवळ पट्टी धरून जमिनीवर आडवी झाली होती.

"बाबा, हललं!"

"किती?"

"थांब, परत ढकला… दोन. दोनला थोडं वर."

उजव्या चाकाला तेवढाच जोर दिला तर पट्टीवरचा आकडा अर्धा मिलिमीटरही बदलत नव्हता. डावं चाक मात्र प्रत्येक वेळी, जोर एका मर्यादेपलीकडे गेला की, एकदम सरकायचं. आणि सरकताना तोच ओळखीचा 'टक्'. मी चासीखाली हात घालून खालच्या विशबोनच्या आतल्या मागच्या बोल्टवर बोट ठेवलं. पुन्हा ढकलायला सांगितलं. बोल्टचं डोकं बोटाखाली सरकलं.

रिमच्या ३३० मिलिमीटर व्यासावर २.२ मिलिमीटर म्हणजे सुमारे २३ मिनिटं. १० मिनिटं आत वळलेलं चाक ब्रेक लागला की १३ मिनिटं बाहेर वळत होतं.

ब्रेकमध्ये एवढा जोर का

हे गणित मी कागदावर करून पाहिलं आणि तेव्हाच सगळी लक्षणं एका माळेत आली.

माझ्या गाडीत खालचा सांधा जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर, वरचा ३५ वर. ब्रेक लागतो तेव्हा डिस्क, कॅलिपर, चाक आणि त्यांना धरणारा अपराइट एकजीव होतात आणि जोर येतो जमिनीवर, म्हणजे दोन्ही सांध्यांच्या खाली. तरफेचा हिशोब मांडला की जमिनीवर १०० किलोचा ब्रेक असेल तर खालच्या विशबोनला मागे खेचणारा जोर १७५ किलो होतो आणि वरच्याला उलट, पुढे ढकलणारा ७५ किलो. खालचा विशबोन ४० सेंटिमीटर लांब आणि आत त्याचे दोन बोल्ट ३० सेंटिमीटर अंतरावर. म्हणजे आतल्या प्रत्येक बोल्टवर आडवा जोर येतो सुमारे २३३ किलो. पुढच्या बोल्टला बाहेर ओढणारा, मागच्याला आत ढकलणारा.

ॲक्सिलरेटर दिल्यावर तसं होत नाही. तिथे फिरवण्याचा जोर ड्राइव्हशाफ्टमधून येतो, त्याची प्रतिक्रिया डिफरन्शियल सोसतं आणि विशबोनांना मिळतो तो चाकाच्या मध्याच्या उंचीवरचा, जवळजवळ २७.६ सेंटिमीटरवरचा, धक्का. १०० किलोपैकी खालच्या विशबोनला फक्त ३७. ब्रेकच्या वेळी त्याच्या जवळपास पाचपट. म्हणून ॲक्सिलरेटरवर नुसता 'टक्' आणि ब्रेकवर थेट दिशा बदलणं.

स्टँडवर उचललेल्या गाडीचं चाक दोन हातांनी कितीही हलवलं तरी त्या बोल्टवर माझ्या अंदाजाने ३०-३५ किलोच्या वर जोर जात नाही. तो बोल्ट पूर्ण सैल नव्हता. नट अर्धवट आवळलेला होता आणि त्या घर्षणाने एवढा जोर सहज अडवून धरला होता. त्यापलीकडे गेलं की मात्र घसरण.

आणि आधी गाडी हळूहळू का ओढायची? डावा ब्रेकच कमजोर होता. बोल्ट घसरवण्याइतका जोर डाव्या चाकावर येतच नव्हता किंवा क्वचित, अगदी कचकन ब्रेक मारल्यावरच येत होता. कमजोर ब्रेकही गाडीला उजवीकडे नेत होता आणि सैल बोल्टही उजवीकडेच. एक दोष दुसऱ्याला झाकत होता. मी कॅलिपर नीट केला आणि त्या बोल्टला पहिल्यांदा पूर्ण जोर मिळाला. रोलरवर हे दिसणार नव्हतं, कारण रोलर जोर मोजतो, चाकाची दिशा मोजत नाही.

बोल्ट

बाहेर आलेला बोल्ट हातात घेतल्यावर वाईट वाटलं. तो खरं तर बोल्टच नव्हता. डोक्यापासून टोकापर्यंत आटे असलेला स्क्रू होता. अशा ठिकाणी बोल्टचा बिनआट्याचा गुळगुळीत भाग टॅबच्या भोकात बसायला हवा, म्हणजे पूर्ण १२ मिलिमीटरचं भरीव पोलाद भोकाच्या कडेला टेकतं. आटेवाला स्क्रू टेकतो तो आट्यांच्या धारांवर. त्या धारा प्रत्येक धक्क्याला कानशीसारख्या टॅबची कड खातात. बारा मिलिमीटरचं भोक आडवं १४ झालं होतं, गुळगुळीत अंडाकृती. आट्यांच्या खाचांत काळी पूड भरली होती, बोटाने चोळली तर ग्रेफाइटसारखी मऊ. ते माझ्या चासीचं पोलाद होतं.

टॅबच्या आतल्या अंगाला, बुशमधली पोलादी नळी टेकते तिथे, रुपयाएवढं चकचकीत कडं उमटलं होतं. पॉलियुरेथेनच्या बुशमध्ये ही नळी बुशपेक्षा किंचित लांब असते. माझ्याकडे नळी ४४.५ आणि बुश ४४ मिलिमीटर. नट पूर्ण आवळला की नळी दोन टॅबच्या मध्ये चिमटली जाते, जागची हलत नाही, आणि बुश तिच्याभोवती फिरतं. इथे नळीच टॅबवर घासत होती. नट नायलॉनच्या कडीचा, पण आधी केव्हातरी वापरलेला. सैल केल्यावर तो नुसत्या हाताने फिरायचा.

असा स्क्रू कुणी का घातला असेल? फाइलमधल्या फोटोंत उत्तर सापडलं. या धाटणीच्या गाडीत पेट्रोलची टाकी अगदी मागे असते. १९९९ च्या फोटोंत डावा विशबोन बसवण्याआधीच टाकी बसलेली दिसते. योग्य लांबीचा बोल्ट मागून घालायचा तर टाकी आड येते. पुढून घालायचा तर डिफरन्शियलच्या चौकटीचा पाइप आड येतो, आखूड स्क्रू मात्र तिरका करून जातो. उजवीकडे पाइप जरा लांब आहे, म्हणून तिथे खरा बोल्ट आहे. त्या माणसाने बाकी गाडी फार मनापासून बांधली आहे, वायरींचे गुच्छ बघून हेवा वाटतो. त्या संध्याकाळी टाकी पुन्हा उतरवायचं त्याच्या जिवावर आलं असावं. वीस वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो बोल्ट नीट बघायलाही टाकी उतरवावी लागते.

दुरुस्ती

भोक मोठं करून मोठा बोल्ट घालणं सोपं होतं, पण मग टॅबच्या कडेला धातू कमी उरतो आणि बुशची नळीही बदलावी लागते. मी ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी चकत्या कापून घेतल्या, मध्ये नेमकं १२ मिलिमीटरचं भोक, आणि त्या टॅबवर वेल्ड करून घेतल्या. जागा चुकू नये म्हणून पुढच्या आणि मागच्या टॅबमधून एकच सरळ पोलादी सळई ओवली, चकत्या तिच्यावर सरकवल्या आणि मग टाके मारले. सळई टाके मारल्यावरही हाताने फिरत होती, तेव्हाच पूर्ण वेल्ड केलं.

वेल्डिंग मी स्वतः केलं नाही. सस्पेन्शनचा जोड तुटला तर चाक जातं, म्हणून प्रमाणित वेल्डर घरी बोलावला. त्याच्या येण्याआधी टाकी आणि पेट्रोलच्या नळ्या काढून गॅरेजबाहेर, दूर नेऊन ठेवल्या, बॅटरी सोडवली, टॅबवरचा पावडर कोटिंगचा थर खरवडून काढला आणि जवळ अग्निशामक ठेवला. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. टाकीशेजारी ठिणगी उडवण्याचा विचारसुद्धा कुणी करू नये.

टाकी उतरलेलीच होती. त्यामुळे ८.८ ग्रेडचा, पुरेशा बिनआट्याच्या भागाचा बोल्ट मागून सरळ आत गेला. त्याच्या अंगाला ग्रीस चोळलं, कारण मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी थेट तिथे येतं आणि बोल्ट नळीत गंजून बसला तर पुढच्या खेपेला करवतीने कापावा लागतो. आट्यांना ग्रीस लागू दिलं नाही, नाहीतर टॉर्क पाना खोटं सांगतो. नवा नट, ८० न्यूटन-मीटर, आणि नट व टॅबवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ. मागच्या दोन्ही बाजूंचे सगळे आठ बोल्ट तसेच काढून पाहिले. बाकीचे सातही ठीक, घट्ट.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. माझी बुशं पॉलियुरेथेनची असल्यामुळे गाडी उचललेली असताना आवळली तरी चालतं. ज्यांच्या गाडीत रबर पोलादाला चिकटवलेली बुशं आहेत त्यांनी शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करूनच करावं. तसं नाही केलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

उंची आणि दिशा

विशबोन हलवला की जुळवणी नव्याने करावीच लागते. सहाशे किलोच्या गाडीत माणूस बसला की सगळं बदलतं, म्हणून माप घेताना सीटवर माझ्याएवढं वजन हवं. वाणसामानाच्या दुकानातून आणलेल्या तांदळाच्या दहा किलोच्या सात पिशव्या आणि कणकेची पाच किलोची एक, असे ७५ किलो सीटवर रचले. पिशव्या पाठीला टेकवून ठेवल्या, नुसत्या सीटवर नाही, कारण माणसाचं वजन तसंच मागे पडतं. टायरमधली हवा बघितली, गाडी पुढेमागे ढकलून सस्पेन्शन बसू दिलं आणि शॉकअपच्या कड्या फिरवून दोन्ही बाजूंची उंची ३ मिलिमीटरच्या आत आणली. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, दोन्हीकडे उणे एक अंशाच्या जवळ. दोरी ताणून दोन्ही मागची चाकं १० मिनिटं आत.

मग पुन्हा तीच परीक्षा. हँडब्रेक ओढला, दोघांनी ढकललं, मुलगी पट्टी घेऊन आडवी.

"काही नाही, बाबा. हलतच नाही."

संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर नेली. ताशी ३० मैलांवरून थांबा, मग ४०, मग ५०. स्टिअरिंग हलकं धरलेलं. गाडी सरळ रेषेत थांबली. दुसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दिला, सोडला, पुन्हा दिला. 'टक्' नव्हता. डिफरन्शियलच्या दातांवर मी वर्षभर उगाच आळ घेतला होता.

पाचशे मैलांनी टाकीच्या कडेला तळहाताएवढा आरसा धरून पिवळी रेघ बघितली. सरळ होती. तो जुना स्क्रू आता एका छोट्या पिशवीत फाइलच्या आत आहे. सोबत चकत्यांची मापं, दोरीचे आकडे आणि चार फोटो. सगळ्यात वर एक पान चिकटवलं आहे, गाडी पुढे ज्याच्या हातात जाईल त्याच्यासाठी, इंग्रजीत. त्यावर लिहिलं आहे की डाव्या खालच्या विशबोनचा मागचा बोल्ट टाकी उतरवल्याशिवाय बसत नाही, आणि टाकी उतरवायला चाळीस मिनिटं लागतात.